अमर सहा आणि आणखी अमर सहा

अमेरिकेत विद्यापीठाच्या गावात राहायला लागलं की लोकांच्या छातीवरचे आकडे वाचायची सवय लागते. दुकानात फ्रोझन पिझ्झाच्या कपाटासमोर एक मुलगी उभी असते. केस ओले, पायात सपाता, बाहेर बर्फ, आणि अंगातल्या ढगळ टी-शर्टावर 'स्थापना १८७०'. तिच्या मागच्या मुलाच्या टोपीवर १८५६. पैसे द्यायच्या रांगेत १८४८, १८५५ आणि १९०२ एकामागे एक उभे असतात, आणि १८५५च्या हातातली बिअर काउंटरवरची बाई काढून घेते, कारण १८५५ला अजून एकविसावं पुरं झालेलं नसतं.

हे आकडे त्या पोरांचे नव्हेत, त्यांच्या फ्रॅटर्निटीचे किंवा सोरोरिटीचे. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. नाव दोन-तीन ग्रीक अक्षरांचं. ग्रीक येण्याची अट नाही. (अमेरिकन उच्चारात ही अक्षरं पाय, काय, साय अशी होतात. त्यामुळे माझ्या पुतणीनं "तो ना, सिग्मा काय" म्हटल्यावर वहिनी फोनवर बराच वेळ "अगं, मी तेच विचारतेय" म्हणत होती.) प्रत्येकीचं गावात एक मोठं खांबवालं घर, गुपचूप उरकायचे विधी, आपसांतलं गुप्त हस्तांदोलन, छातीवर लावायचा बिल्ला आणि बापाच्या खिशातून जाणारी भक्कम वर्गणी. हे सगळं सगळ्यांकडेच असतं. मग शेजारच्या घरापेक्षा आपण वरचढ कशात? तर जुनेपणात.

अमेरिकेला कसला आलाय इतिहास, असं आपल्याकडे ज्याला त्याला वाटतं. जुन्नरला वाढलेला माणूस १८७० ऐकून हसतो. पण इथला हिशेब निराळा आहे. या घरांमधली पिढी चार वर्षांची असते. अठराचं पोर येतं, बावीसचं होऊन जातं. १८४८ पासून मोजलं तर चव्वेचाळीस पिढ्या झाल्या. आपण तेवढ्या पिढ्या मागे गेलो तर थेट राष्ट्रकूटांच्या दरबारात पोचू. शिवाय घरातला सगळ्यात वयस्कर माणूस एकवीस वर्षांचा, आणि त्याला धुलाईयंत्रात साबण किती घालायचा हेही ठाऊक नाही. अशा घराला कोणीतरी वडीलधारं लागतंच. जिवंत मिळत नाही, म्हणून भिंतीवर टांगतात.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावी विल्यम अँड मेरी कॉलेजच्या मुलांनी ती स्थापली, आणि परंपरा सांगते की त्यांची बैठक रॅले टॅव्हर्नच्या अपोलो खोलीत भरायची. टॅव्हर्न म्हणजे खाली गुत्ता, वर मुक्काम. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून पाच महिने झाले होते, वॉशिंग्टनचं सैन्य मार खात मागे हटत होतं, आणि इकडे ही मुलं हात कसा मिळवायचा ते ठरवत होती. पुढे १८३१च्या सुमारास फाय बीटा कॅपानं गुप्तता सोडून दिली आणि ती निव्वळ हुशार मुलांचा सन्मान करणारी संस्था झाली. तिथे आता मार्क बघून घेतात. त्यामुळे तिचे सभासद तिला मिरवतात ते नोकरीच्या अर्जात, पिझ्झाच्या कपाटासमोर नाही. तो टॅव्हर्न १८५९ साली जळाला आणि विसाव्या शतकात जुन्या पायावर पुन्हा उभा केला. तिथे आज पर्यटक जातात. ज्या देशात गुत्त्याचा जीर्णोद्धार होतो तिथे इतिहास नाही, असं कोण म्हणेल?

फ्रॅटर्निटी खऱ्या अर्थानं गल्लोगल्ली झाल्या त्या न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी, युनियन कॉलेजात. १८२५ला कॅपा आल्फा सोसायटी, १८२७ला सिग्मा फाय, त्याच वर्षी डेल्टा फाय. म्हणून युनियन कॉलेजला 'फ्रॅटर्निटींची माता' म्हणतात. इकडे ओहायोत ऑक्सफर्ड नावाच्या खेड्यात मायामी नावाचं विद्यापीठ आहे (इंग्लंडचं ऑक्सफर्ड नव्हे आणि फ्लोरिडातलं मायामी नव्हे, दोन्ही नावं उसनी वाटावीत अशा जागी ते आहे). तिथे बीटा थीटा पाय १८३९ साली, फाय डेल्टा थीटा १८४८ साली आणि सिग्मा काय १८५५ साली जन्मली. म्हणून मायामीलाही 'फ्रॅटर्निटींची माता' म्हणतात. दोन्ही आया आपापल्या माहितीपत्रकांत सुखानं नांदतात. पहिला सार्वजनिक गणपती भाऊसाहेब रंगारींचा १८९२चा की लोकमान्यांचा १८९३चा, यावर अजून बाह्या सरसावणाऱ्या पुणेकराला इथे अगदी घरच्यासारखं वाटेल.

आता या पूज्य स्थापनांच्या मुळाशी काय आहे ते बघा. मायामीतच राहू, कारण माल तिथे जास्त आहे.

जानेवारी १८४८. मायामी विद्यापीठात भरपूर बर्फ पडलं. अध्यक्ष मॅकमास्टर फार कडक गृहस्थ होते आणि मुलं त्यांना कंटाळली होती. एका रात्री मुलांनी बर्फाचे प्रचंड गोळे ढकलत आणले आणि मुख्य इमारतीची वाटच बुजवून टाकली. सकाळी वर्ग भरेना. अध्यक्षांनी दम दिला. तेव्हा दुसऱ्या रात्री मुलांनी बर्फाबरोबर लाकूडफाटा आणि हाताला लागेल ते सामानही दारात रचलं. मग रीतसर चौकशी झाली, बरीच मुलं काढून टाकली, काही आपणहून गेली. त्या मुलांत बीटा थीटा पाय आणि आल्फा डेल्टा फाय या दोन्ही फ्रॅटर्निटींचे सभासद इतके होते की तिथल्या त्यांच्या शाखाच बसल्या. मैदान मोकळं झालं. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, सुट्टीत मागे राहिलेल्या सहा जणांनी एका खोलीत बसून फाय डेल्टा थीटा स्थापली.

या सहा जणांना त्यांच्या संस्थेत 'अमर सहा' म्हणतात. त्यांनी एक प्रतिज्ञापत्र तयार केलं, ते तेव्हापासून एका शब्दानंही बदललेलं नाही, आणि आजही प्रत्येक नवा सभासद त्यावर सही करतो. सगळं अतिशय गंभीर आणि भारावलेलं. फक्त एवढंच, की बर्फाचे ते गोळे दारात लागले नसते तर ती जागा रिकामी झाली नसती आणि अमर व्हायची संधी त्यांना मिळाली नसती. फाय डेल्टा थीटाच्या मानचिन्हावर ढाल आहे, तलवार आहे. बर्फाचा गोळा नाही. हा कृतघ्नपणा आहे.

आणि गंमत म्हणजे त्याच १८४८ साली पेनसिल्व्हेनियात कॅनन्सबर्ग गावच्या जेफरसन कॉलेजात फाय गॅमा डेल्टा स्थापन झाली. संस्थापक किती? सहा. त्यांना काय म्हणतात? 'अमर सहा'. म्हणजे त्या एका वर्षात अमेरिकेत बारा पोरं अमर झाली, आणि दोन्ही गटांना आजवर एकमेकांची अडचण झालेली नाही. फाय गॅमा डेल्टाचा सभासद मात्र आपली ग्रीक अक्षरं चारचौघांत कुठेही रंगवू देत नाही. ती फार पवित्र. म्हणून ते स्वतःला 'फिजी' म्हणवतात आणि टी-शर्टांवर तेच छापतात. ज्याचा त्याचा सोवळ्याचा प्रकार.

सिग्मा कायची कथा तर आपल्या कोणत्याही साहित्य संस्थेनं अभिमानानं स्वतःची म्हणावी अशी आहे. मायामीतच डेल्टा कॅपा एप्सिलॉन नावाच्या फ्रॅटर्निटीची बारा मुलांची शाखा होती. विद्यापीठाच्या साहित्य मंडळात 'कवी' या पदाची निवडणूक आली. फ्रॅटर्निटीतला एक गडी उभा होता. निम्मे म्हणाले, आपला माणूस आहे, आपण मत द्यायचं. निम्मे म्हणाले, आपला आहे हे खरं, पण बाहेरचा त्याच्यापेक्षा बरं लिहितो. झालं. सहा विरुद्ध सहा. फेब्रुवारी १८५५ मध्ये समेटासाठी जेवण ठेवलं. तिथे 'आपल्या माणसा'च्या बाजूच्या व्हाइटलॉ रीडनं बाहेरून एका माजी सभासदाला समज द्यायला आणलं, तेव्हा बेंजामिन रंकल नावाच्या मुलानं छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर फेकला. रंकलच्या गटातल्या सहा जणांनी सातवा एक घेतला आणि २८ जूनला, औषधाच्या दुकानावरच्या माडीत, आपली वेगळी चूल मांडली. तिचं नाव त्यांनी सिग्मा फाय ठेवलं होतं. पुढल्याच हिवाळ्यात कोणीतरी त्या सातव्याच्या खोलीत शिरून घटना, विधींची कागदपत्रं, शिक्के, सगळं पळवलं. चोरीचा माल परत वापरायचा कसा, म्हणून नाव बदलून सिग्मा काय केलं.

तो व्हाइटलॉ रीड पुढे न्यूयॉर्कच्या एका बड्या वर्तमानपत्राचा मालक झाला, १८९२ साली उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पडला, लंडनला राजदूत झाला. रंकल यादवी युद्धात लढला. आणि ज्या कवीवरून हे सगळं घडलं तो आज कोणाच्याही टी-शर्टावर नाही. कवींच्या वाट्याला सगळ्या देशांत सारखंच येतं.

मुलींच्या संस्थांमध्ये भांडणापेक्षा 'पहिली कोण' हा विषय पुढे असतो, आणि तिथे विशेषणांची अशी काही वाटणी झाली आहे की एखाद्या मुरलेल्या वकिलानं टोपी काढावी. जॉर्जिया राज्यात मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात १८५१ साली ॲडेल्फियन नावाची मुलींची संस्था निघाली. ती आजची आल्फा डेल्टा पाय. ती म्हणते, कॉलेजातल्या मुलींची पहिली गुप्त संस्था आमची. तिथेच १८५२ साली दुसरी निघाली, आजची फाय म्यू. पण दोघींनी ग्रीक नाव घेतलं ते विसाव्या शतकात. मग इलिनॉयमधल्या मनमथ गावची पाय बीटा फाय म्हणते, आम्ही १८६७च्या, आणि मुलांच्या धर्तीवरची मुलींची पहिली राष्ट्रीय संस्था आमचीच. पण तिचंही सुरुवातीचं नाव होतं आय. सी. सोरोसिस, ग्रीक अक्षरं १८८८ साली आली. मग इंडियानाची कॅपा आल्फा थीटा हळूच पुढे येऊन म्हणते, आम्ही २७ जानेवारी १८७०च्या, जन्मतःच ग्रीक, म्हणून पहिली ग्रीक अक्षरांची आम्हीच. सिरॅक्यूजची गॅमा फाय बीटा १८७४ची, म्हणजे खरं तर रांगेत बरीच मागे. पण 'सोरोरिटी' हे नाव त्यांच्या लॅटिनच्या प्राध्यापकानं त्यांच्यासाठी काढलं, तेव्हा सोरोरिटी म्हणवून घेणारी पहिली तीच. आणि त्याच गावातली आल्फा फाय म्हणते, तुमचं चालू द्या, पण स्वतःचं घर आधी आम्ही बांधलं, १८८६ साली.

यात खोटं कोणीच बोलत नाही, हे लक्षात घ्या. सगळ्या पहिल्या आहेत. दुसरी म्हणवून घेते ती एकटी फाय म्यू. मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

कॅपा आल्फा थीटाची जन्मकथा मात्र मला मनापासून आवडते. बेटी लॉक ही प्राध्यापकाची मुलगी. मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता त्या काळात ती आजच्या डिपॉ विद्यापीठात शिकत होती. फाय गॅमा डेल्टाच्या, म्हणजे दुसऱ्या अमर सहांच्या वंशातल्या एका मुलानं तिला विचारलं, आमचा बिल्ला लावशील का? ती म्हणाली, तुमचं गुपित सांगून, रीतसर दीक्षा देऊन मला सभासद करा, मग लावते. शाखेची बैठक बसली, चर्चा झाली, आणि ठरलं की हे काही शक्य नाही. पण मुलीला अगदीच नाराज कसं करायचं? म्हणून त्यांनी तिला केक ठेवायची चांदीची परडी भेट दिली, वर स्वतःची ग्रीक अक्षरं कोरून. बेटीनं परडी घेतली आणि तिघी मैत्रिणींना गोळा करून स्वतःची संस्था काढली. बायकांनी हक्क मागितल्यावर भांडं देऊन बोळवण करायची पद्धत फक्त आपल्या हळदीकुंकवातच आहे असं नाही, हे पाहून बरं वाटलं.

आणि या सगळ्या खटपटीला एका फटक्यात मागे टाकणारी कॅपा सिग्मा. ती व्हर्जिनिया विद्यापीठात १८६९ साली पाच मित्रांनी स्थापली. १८६९ हा काही वाईट आकडा नाही. पण रांगेत तिच्याआधी बरेच होते. म्हणून त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे की मूळ संस्था इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठात १४०० साली, क्रायसोलोरास नावाच्या ग्रीक विद्वानाच्या आशीर्वादानं निघाली. गावचा जुलमी सत्ताधीश विद्यार्थ्यांना लुटायचा, म्हणून मुलांनी एकमेकांच्या रक्षणासाठी ती काढली. मध्ये साडेचारशेहून अधिक वर्षं ती काय करत होती याची विचारपूस करू नये. कुळाचा मूळपुरुष थेट सूर्यापासून काढणाऱ्या भाटांना पैसे देणारे राजे आपल्याकडेही झाले. इथे ते काम सभासदांनी फुकटात केलं.

हा इतिहास प्रत्यक्ष टांगलेला बघायचा तर 'पालक सप्ताहांत'ला जावं. दादा-वहिनी न्यू जर्सीत आणि पुतणी आमच्या गावात शिकायला, त्यामुळे पालक म्हणून मीच गेलो. पांढरे खांब, दारात फुलं, आणि एका छाप्याच्या फुलाफुलांच्या झग्यांतल्या साठ मुली एकाच पट्टीत किंचाळत स्वागताला. दिवाणखान्यात संस्थापिकांची तसबीर. तिच्याखाली काचेचं कपाट. त्यात बारीक मोत्यांचा एक बिल्ला, एक पिवळा पडलेला हातमोजा, एक कानतुटका चहाचा कप आणि शाखेच्या सुरुवातीच्या काळातल्या वहीचं एक उघडं पान. मी चष्मा लावून ते पान वाचलं. वर्गणी न भरलेल्या मुलींची यादी होती. सुबक, तिरप्या अक्षरांत. शंभर वर्षांपूर्वी कोणाचे दोन डॉलर राहिले होते ते आज काचेखाली, दिव्याच्या उजेडात, पालकांनी बघावं म्हणून ठेवलेलं. वसुलीचा इतका प्रभावी मार्ग आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सुचला नसता.

"काका, हा कप आमच्या फाउंडरचा आहे," पुतणी कुजबुजली.

"ती यातून चहा प्यायची?"

"माहीत नाही. पण तिच्या घरात सापडला."

जिन्याच्या भिंतीवर वर्षावर्षांच्या चौकटी. त्यांना कॉम्पोझिट म्हणतात. एका मोठ्या फ्रेममध्ये त्या वर्षीच्या सगळ्यांचे छोटे छोटे फोटो ओळीनं लावलेले, खाली नावं. सगळ्यांना एकसारखा काळा कपडा आणि एकसारखी मोत्यांची माळ, त्यामुळे बदलतात ते फक्त केस. खालच्या पायरीवर केस चापूनचोपून बसवलेले. चढत जाल तसे साठच्या दशकात उंच होतात, ऐंशीच्या दशकात कुरळे होऊन फ्रेमच्या बाहेर येऊ बघतात, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळ्यांचे सरळ, लांब आणि एकाच रंगाचे. मुलांच्या घरांत या चौकटींना वेगळाच धोका. दुसऱ्या फ्रॅटर्निटीची पोरं रात्री येऊन त्या पळवून नेतात आणि मग खंडणी मागतात. एखाद्या घरात भिंतीवर नुसता खिळा आणि चौकोनी पांढरा डाग दिसला, तर ते वर्ष ओलीस आहे असं समजावं.

हा इतिहास नुसता बघून चालत नाही, पाठ करावा लागतो. नव्या सभासदांना जाडजूड पुस्तिका देतात आणि त्यावर परीक्षा असते. संस्थापिकांची पूर्ण नावं, जन्मगावं, स्थापनेची तारीख, पहिलं अधिवेशन कुठे, फूल कुठलं, रत्न कुठलं. जुन्या फ्रॅटर्निटींत आगकाडी पेटवून द्यायचे आणि बोटाला चटका बसायच्या आत आल्फापासून ओमेगापर्यंत चोवीस अक्षरं म्हणायला लावायचे. याच्या पुढचे प्रकार हसण्यासारखे नाहीत. दीक्षेच्या नावाखाली दारू पाजून, छळ करून पोरं मेली आहेत. कायदे होत आले. अगदी डिसेंबर २०२४ मध्ये यासाठी देशभराचा कायदा झाला. सिग्मा नू ही फ्रॅटर्निटी तर १८६९ साली व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेत या छळाच्या विरोधातच निघाली होती. म्हणजे इतिहासाच्या परीक्षेतला तो एक प्रश्न तरी सगळ्या घरांमध्ये सक्तीचा करायला हवा.

आमच्या पुतणीची परीक्षा कागदावरची होती. तिनं रंगीत कार्डं केली होती आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून मला प्रश्न विचारायला लावले. तिची आई फोनच्या स्पीकरवर. पोरीनं सगळी नावं धडाधड म्हटली, एकही चुकलं नाही.

वहिनीनं फोनवरूनच नेम धरला. "एवढं पाठांतर! आता तुझ्या पणजीचं नाव सांग."

"कुठल्या पणजीचं? माहेरचं की सासरचं?" पुतणी म्हणाली.

वहिनीला सासरचं आठवत होतं, माहेरचं नाही. दादानं मागून "गोदावरी असणार" म्हटलं, त्यावर वहिनी म्हणाली ती तुमची. मला विचारलं, मलाही सांगता येईना. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्या म्हाताऱ्यांबरोबर संपतं. इथे मात्र पाय बीटा फायच्या बारा जणींची यादी काढा: एमा ब्राउनली किलगोर, क्लारा ब्राउनली हचिन्सन, इनेझ स्मिथ सूल. मधलं नाव माहेरचं, शेवटचं सासरचं. एमा आणि क्लारा बहिणी होत्या हे दीडशे वर्षांनंतर मला, ओतूरच्या माणसाला, नुसती यादी वाचून कळतं. ज्यांची लग्नं झाली नाहीत त्याही तिथे आपल्या नावानिशी आहेत, आणि जेनी निकल डॉक्टर झाली तर तेही लावतात. त्यांची स्थापनेची बैठक मनमथमधल्या ज्या घराच्या खोलीत झाली ते घर त्यांनी विकत घेऊन जपलं आहे. त्याच खेड्यात १८७०च्या कॅपा कॅपा गॅमाच्या मुलींनीही आपल्या एका संस्थापिकेचं घर जपलं आहे. पोरींच्या चहापाण्याच्या बैठकीची दोन-दोन संग्रहालयं असलेलं गाव माझ्या पाहण्यात दुसरं नाही. त्या दिवशी त्या परीक्षेबद्दलची माझी थट्टा मी थोडी आवरती घेतली.

काचेच्या कपाटात काय ठेवत नाहीत, तेही बघायला हवं. जुन्या संस्थांपैकी कितींच्या तरी घटनेत सभासद गोरा आणि ख्रिश्चनच हवा असं कलम होतं आणि ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. ते पान कुठल्या दिवाणखान्यात उघडं ठेवलेलं मी पाहिलं नाही. पान उघडायचं ते वर्गणीचं.

म्हणून ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांनी आपापली काढली. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली सात कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनी आल्फा फाय आल्फा स्थापली. ते सात 'रत्नं' म्हणून ओळखले जातात. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ला आल्फा कॅपा आल्फा, मुलींची. पुढे तिच्यातल्याच बावीस जणी वेगळ्या झाल्या आणि १९१३च्या जानेवारीत डेल्टा सिग्मा थीटा निघाली. दोन महिनेही झाले नव्हते, तर त्या ३ मार्चला स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरल्या. यांच्या स्थापनेत बर्फाचे गोळे नाहीत, केकच्या परड्या नाहीत. त्यामुळे इथे तारखेचं वेड पाहून मला हसू कमी आणि हेवा जास्त वाटतो.

पण वेड ते वेडच! नव्या सभासदांचा जाहीर कार्यक्रम असतो. सगळे एका ओळीत, चेहरे झाकलेले, आणि एका सुरात संस्थापकांची नावं, तारखा, ठिकाणं, कवायतीच्या ठेक्यावर. एक शब्द मागे-पुढे झाला तर प्रेक्षकांतल्या साठीच्या बायका, ज्या स्वतः चाळीस वर्षांपूर्वी त्या ओळीत उभ्या होत्या, भुवया चढवतात. होय, साठीच्या. चार वर्षांची पिढी वगैरे माझा हिशेब इथे लागू पडत नाही. या संस्थांत माणूस पदवी घेतल्यावर सुटत नाही, जन्मभर आत राहतो. मोटारीच्या नंबरात १९०८, मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांत १९०८. कमला हॅरिस या हॉवर्डच्याच आल्फा कॅपा आल्फा. २०२० साली त्या उपराष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा प्रचारनिधीत हजारो देणग्या एकाच रकमेच्या येऊ लागल्या: १९ डॉलर ८ सेंट. आपल्याकडे एकशे एक, पाचशे एक देतात. वरचा एक रुपया शुभ म्हणून. इथे आठ सेंट कशासाठी ते देणाऱ्यांना विचारावं लागत नव्हतं.

आणि मग आपले लोक आले. १९९४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनला आयोटा नू डेल्टा, आणि १९९८ साल तर फारच सुपीक. टेक्सासमध्ये ऑस्टिनला ऑक्टोबरात मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय, नोव्हेंबरात मुलींची कॅपा फाय गॅमा. डिसेंबरात तिथून अडीचशे-एक किलोमीटरवर ह्यूस्टनला मुलींची डेल्टा फाय ओमेगा. दक्षिण आशियाई मुलींची पहिली कोण, या प्रश्नाचा निकाल अवघ्या महिन्याभराच्या फरकानं लागतो, हे पाहून मनमथ आणि मेकनच्या आजीबाईंना भरून आलं असतं. देशपांडे, पटेल, रेड्डी, खान अशी पोरं ग्रीक अक्षरांच्या जाकिटांत भांगडा करतात, आणि नव्या मुलांना १९९८ पाठ करायला लावतात. त्यांना ते साल १८९८ इतकंच प्राचीन वाटतं. ती पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती.

मात्र यांची एक अडचण आहे. यांचे संस्थापक जिवंत आहेत. मूर्तीनं स्वतः मोटार चालवत आरतीला यावं तसं होतं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदार बाई अशाच एका देशी सोरोरिटीच्या संस्थापिकांपैकी आहेत. कुठल्या विद्यापीठातल्या ते सांगत नाही. मंडळात त्यांना कोणी बसायला खुर्ची देत नाही. गणपतीत दीडशे माणसांच्या मसालेभाताचा हिशेब करत त्या उभ्याच असतात. पण दरवर्षी स्थापनादिनाला त्यांना विमानाचं तिकीट येतं, पहिल्या रांगेत जागा असते, आणि विशीतल्या मुली थरथरत्या हातानं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. एकदा एक मुलगी त्यांना पाहून रडली म्हणे.

मी विचारलं, "ताई, मुली तुम्हाला विचारतात तरी काय?"

"हेच, की त्या रात्री तुमच्या मनात काय होतं."

"मग काय होतं?"

"दुसऱ्या दिवशी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर होता हो. आणि पिझ्झाचे पैसे कोणी द्यायचे यावरून आमची जुंपली होती. शेवटी मीच दिले."

"आणि मुलींना काय सांगता?"

"नेतृत्व, भगिनीभाव, समाजसेवा." त्यांनी पावतीपुस्तक मिटलं. "त्या पुस्तिकेत आता तसंच छापलंय. पिझ्झाचे पैसे मात्र बाकीच्या संस्थापिकांनी अजून दिलेले नाहीत."